मोहोराचा महिना

1998 च्या डिसेंबरात रमजान आला तेव्हा मी शाळेत होतो. अंजनवेलला सहेरीच्या वेळी चांगलाच गारठा असायचा. फजरनंतर अब्बा मला कलमांत घेऊन जायचे आणि काडीची टोकं दाखवायचे. टोक फुगलं की म्हणायचे, "मोहोर येतोय."

हापूसला पावसाळ्यानंतर जमिनीतली ओल कमी झालेली लागते, पालवी जून झालेली लागते आणि मग काही रात्री सलग थंडी लागते. पाऊस लांबला, रात्री उबदार राहिल्या, तर त्याच टोकातून मोहोराऐवजी पालवी फुटते. झाड हिरवंगार दिसतं आणि वर्ष हातचं जातं. उलटही होतं. फळं धरल्यावर पुन्हा कडक थंडी पडली, तर झाड दुसऱ्यांदा मोहोरतं. अन्न नव्या मोहोराकडे वळतं आणि वाटाण्याएवढी कैरी गळून पडते. याला पुनर्मोहोर म्हणतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने त्यावर जिबरेलिक ॲसिडची फवारणी सुचवली आहे. मोहोरावर अवकाळी पाऊस पडला तर करपा येतो, म्हणजे आणखी एक फवारणी.

2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा आमचा उरलेला आंबा एका दिवसात खाली आला. त्यानंतर औषधाचा खर्च कुवेतच्या भावाच्या पैशातून होतो. गेल्या वर्षी अब्बांनीच विचारलं, "बाग कराराने देऊन टाकायची का?"

मी लगेच हो म्हणणार होतो. पण करारवाला मुळाशी संजीवक ओतून मोहोर लवकर काढणार. ते दरवर्षी बेसुमार ओतलं की झाड थकतं. करार संपला की तो जाणार, थकलेली कलमं आपल्याकडे राहणार.

आपल्याला सरकत्या महिन्यांची सवय आहे. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो. 2030 मध्ये तो जानेवारीत येईल आणि डिसेंबरअखेर पुन्हा सुरू होईल. चंद्राचा हिशेब आधी मांडता येतो. मोहोराचा आता येत नाही. कधी डिसेंबर, कधी फेब्रुवारी, कधी एकाच झाडावर मोहोर, कैरी आणि पालवी.

बाग आम्ही दिली नाही. अब्बा आता वहीत रोज सकाळचं तापमान लिहितात. भाऊ फोनवर आधी तेच विचारतो, मग तब्येत.