टाकीतला पंप आणि मराठी क्रियापदे

पेट्रोलच्या गाडीत इंधनाचा पंप कुठे असतो, असे मराठीच्या वर्गात विचारले तर बहुतेकांचे बोट इंजिनाकडे जाईल. कार्बुरेटरच्या जुन्या गाड्यांत तो खरोखरच तिथे असे. इंजिनाच्या कुशीला बसवलेला, कॅमच्या धक्क्याने हलणारा एक पडदा टाकीतले पेट्रोल नळीवाटे ओढून घेई. १९८०च्या दशकात अमेरिकी गाड्यांत फ्युएल इंजेक्शन रुळू लागले आणि ही व्यवस्था अपुरी पडली. इंजेक्टरला पेट्रोल मोठ्या दाबाने लागते. शिवाय दुरून शोषताना तापलेल्या पेट्रोलची नळीतच वाफ होते. म्हणून विजेवर चालणारा पंप थेट टाकीत नेऊन बुडवण्यात आला. आपल्याकडच्या मोटारींत हा बदल साधारण २०००च्या सुमारास, प्रदूषणाचे नवे निकष आले तेव्हा, सार्वत्रिक झाला.

हा पंप ज्याला ढकलतो त्यातच राहतो. सभोवतालचे पेट्रोलच त्याला थंड ठेवते, त्याला वंगणही तेच पुरवते. टाकी सतत तळाला नेणाऱ्याचा पंप लवकर जातो, असे मेकॅनिक सांगतात ते यामुळेच. ज्वालाग्राही द्रवात विजेची मोटार फिरते तरी भडका का उडत नाही, याचेही उत्तर विलक्षण आहे. हवेत पेट्रोलच्या वाफेचे प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्क्यांच्या दरम्यान असेल तरच ती पेटते. बंद टाकीत ते याच्या कितीतरी वर असते आणि जळायला पुरेशी हवाच नसते. म्हणजे भरलेल्या टाकीपेक्षा उघडलेली, जवळजवळ रिकामी टाकी अधिक धोक्याची.

हे सारे मला ठाऊक झाले ते मिशिगनमध्ये, दादाच्या घरी घालवलेल्या एका उन्हाळी सुट्टीत. त्याच्याकडे २००२ सालचा एक पिकअप ट्रक आहे. एका सकाळी तो सुरू होईना. किल्ली अर्धी फिरवली की टाकीच्या बाजूने दोन सेकंद बारीक गुणगुण ऐकू यायला हवी. पंप दाब निर्माण करत असल्याची ती खूण. ती येत नव्हती. दादाने फ्यूज आणि रिले तपासले. मग मला किल्ली फिरवायला सांगून त्याने टाकीच्या बुडावर रबरी हातोडीने दोन-चार ठोके दिले. मरणपंथाला लागलेला पंप अशा धक्क्याने कधीकधी शेवटचा जागा होतो. तसा तो झाला, इंजिन खोकले, आणि निदान पक्के झाले.

जिथे कारागिराचा एक तास महाग, तिथे घरच्या घरी दुरुस्ती करण्याची परंपरा रुजते आणि तिचे वाङ्मयही उभे राहते. 'हेन्स' किंवा 'चिल्टन' यांची दुरुस्तीपुस्तके हा इंग्रजीतला एक स्वतंत्र लेखनप्रकार मानायला हरकत नाही. क्रमांक दिलेली आज्ञार्थी वाक्ये, कर्ता लुप्त, विशेषणांची काटकसर, आणि धोक्याची सूचना चौकटीत. दादाने तसले एक पुस्तक ट्रकच्या टपावर उघडे ठेवले होते. त्याचा सोळा वर्षांचा मुलगा ते मोठ्याने वाचून दाखवत होता. हा मुलगा मराठी समजतो, बोलत नाही. जेवणाच्या टेबलावर बाप मराठीत विचारतो, मुलगा इंग्रजीत उत्तरतो, आणि अशी चार-दोन उत्तरे झाली की दोघेही गप्प होतात. त्या घरातली ही शांतता मला आल्यापासून बोचत होती.

टाकीतल्या पंपापर्यंत पोहोचण्याचे मार्ग दोन. एक, ट्रकखाली शिरून टाकीचे पट्टे सोडायचे आणि टाकी खाली उतरवायची. दुसरा, मागचा हौदा उचलून वरून हात घालायचा. त्या टाकीत ९० लिटरहून अधिक पेट्रोल मावते. अर्धी भरलेली असली तरी तीस-पस्तीस किलोंचे डुचमळते ओझे आडवे पडून तोलावे लागले असते. दादाने हौदा उचलायचे ठरवले. ट्रक गॅरेजबाहेर उघड्यावर ढकलून आणला, कारण गॅरेजात पाणी तापवण्याच्या गॅसची ज्योत सतत तेवत असते. बॅटरीची ऋण तार सोडली, इंजिनाजवळच्या झडपेतून नळीतला दाब मोकळा केला, आग विझवण्याचे नळकांडे हाताशी ठेवले. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. त्या मिठाने हौद्याचे बोल्ट गंजून एकजीव झाले होते. तेल सोडून, थांबून, पुन्हा पाना लावून ते एकेक करून सैल करण्यात दुपार झाली.

शेजारचे दोघे हात द्यायला आले आणि हौदा उचलायची वेळ आली. इतका वेळ बापलेकांचे बोलणे इंग्रजी पुस्तकाच्या भाषेतच चालले होते. पण ओझे हातावर येताच दादा मराठीत ओरडू लागला. "उचल... आता पेलून धर. रेटू नकोस, सरकव. तोल सांभाळ, तोल!" आणि मुलगा त्या शब्दांबरहुकूम हलला. एकदा त्याने जोर लावला तेव्हा दादा म्हणाला, "अरे, सरकव म्हटलं, रेट नाही म्हटलं." हौदा लाकडी घोड्यांवर टेकल्यावर मुलाने विचारले, "व्हॉट्स द डिफरन्स?"

दादाने शब्दांत उत्तर दिले नाही. त्याने मुलाचे दोन्ही तळहात हौद्याच्या कडेला लावले, खांदा मागून दाबला आणि म्हणाला, "हे रेटणं." मग खांदा सोडून फक्त मनगटे हलवली. "हे सरकवणं." पोराने दोन्ही शब्द उच्चारून पाहिले. माझ्या कानावर पडलेले त्याचे ते पहिले न विचारता आलेले मराठी.

पुढचे काम नाजूक होते. टाकीच्या माथ्यावरचे कडे फिरवायला लोखंडी छिन्नी चालत नाही, ठिणगी उडू शकते. पितळेचा दांडा लावून ते हळूहळू ठोकावे लागते. पंप बाहेर आला तेव्हा त्याच्या तळाची जाळी काळ्या गाळाने माखलेली होती. पंपाच्याच अंगाला काट्याचा तरंगही जोडलेला असतो, म्हणजे इंधन ढकलणारा आणि किती उरले ते सांगणारा, दोघे एकाच देहात. मुलाने विचारले, जुन्या काळी पंप इंजिनाजवळ होता, तर मग वेगळे काय झाले? दादा क्षणभर थांबला. "तेव्हाचा शेंदायचा, हा रेटतो," तो म्हणाला. मग आमच्या आजोळच्या आडावरचा पोहरा त्याने हातवारे करून दाखवला. यंत्रशास्त्राच्या दोन पिढ्यांमधला फरक दोन मराठी क्रियापदांत मावला होता.

संध्याकाळी नवा पंप नव्या रबरी कड्यासह बसला. किल्ली तीन-चारदा अर्धी फिरवून दाब भरला, कुठे गळत नाही ना ते पाहिले, आणि इंजिन सुरू झाले.

भाषेच्या अभ्यासकाला इथे विचार करण्याजोगे काही आहे. यंत्रांच्या बाबतीत मराठीचा विचार आपण बहुतेक वेळा नामांपुरता करतो. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले, पदनाम कोश आणि परिभाषा कोश निघाले. त्यांचे मोल मी कमी लेखत नाही. परंतु परिभाषा म्हणजे मुख्यतः नामांची यादी, आणि वाद होतात तेही 'पंपाला काय म्हणावे' असे. कारखान्यात, गॅरेजात, विहिरीवर मराठी माणसाने हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. पंप, बोल्ट, फिल्टर त्याने जसेच्या तसे घेतले आणि आवळणे, ढिलावणे, पेलणे, तोलणे, चेपणे, उपसणे ही क्रियापदे स्वतःची ठेवली. वस्तू परकी असू शकते. तिला लावलेला हात आपला असतो, आणि क्रियापद हाताबरोबर चालते. म्हणूनच बहुधा ते पंचवीस वर्षांच्या परदेशवासानंतरही दादाच्या तोंडी शाबूत होते.

ही भाषा आपल्या वर्गात मात्र येत नाही. माझे कितीतरी विद्यार्थी मोटार रिवायंडिंगच्या दुकानांतून, गॅरेजांतून, शेतांवरून येतात. त्यांना हा शब्दसंग्रह उत्तम अवगत असतो आणि महाविद्यालयाच्या पायरीवर ते तो झटकून टाकतात, कारण 'शुद्ध' उत्तरपत्रिकेत त्याला जागा नाही. त्रिं. ना. आत्रे यांनी 'गावगाडा' (१९१५) लिहून बलुतेदारांच्या कामाचा संसार ग्रंथात आणला. नारायण सुर्वे यांच्या 'माझे विद्यापीठ'ने (१९६६) कामगाराचा आवाज कवितेच्या केंद्रस्थानी नेला. पण काम करणाऱ्याची वेदना आणि प्रत्यक्ष काम, या दोहोंत फरक आहे. पहिलीचे मराठीत मोठे साहित्य झाले. दुसऱ्याचे, म्हणजे हात नेमके काय करतो याचे, बारकाईचे गद्य फार थोडे. 'उपयोजित मराठी'च्या अभ्यासपत्रिकेत आपण जाहिरात, बातमी, मुलाखत शिकवतो. एखादी दुरुस्ती पायरीपायरीने लिहून काढणे शिकवत नाही.

परतल्यावर मी पदव्युत्तर वर्गाला एक स्वाध्याय दिला: घरात झालेली एखादी दुरुस्ती, घरात बोलली गेली त्याच भाषेत, दोन पाने. एका विद्यार्थिनीने बोअरमधून जळालेली सबमर्सिबल मोटार वर काढण्याचे वर्णन आणले. तीही पाण्यातच बुडालेली, पाण्यानेच थंड राहणारी. बोअर आटली, मोटार कोरडी चालली आणि जळाली. तिकाटणे कसे रोवले, पाइप एकेक करून कसे ओढले, प्रत्येक पाइप मोकळा करताना खालचा निसटू नये म्हणून आईने कोणत्या जागी पकड घट्ट धरून ठेवली, सारे तिने क्रमाने लिहिले होते. 'मला फार वाईट वाटले' असे वाक्य त्यात एकही नव्हते. मोटार पुन्हा भरून आणायला किती पैसे लागले आणि तोवर मोसंबीची किती झाडे वाळली, एवढे दोन आकडे शेवटी होते.

आमच्या गुणदानाच्या तक्त्यात 'आशय', 'अभिव्यक्ती' आणि 'शुद्धलेखन' असे तीन रकाने आहेत. 'तिकाटणे' हा शब्द अचूक जागी वापरल्याचे गुण कोणत्या रकान्यात द्यायचे, हा प्रश्न मी अभ्यासमंडळाच्या येत्या बैठकीसाठी लेखी पाठवला आहे. त्या दोन पानांची प्रतही सोबत जोडली आहे.