आजीबाईंचा प्रश्न

दहावीचा निकाल लागला, की भाईंदरमधील स्टीलच्या भांड्यांचा व्यापार करणाऱ्या घरांत ‘कॉमर्स’ हे उत्तर बहुधा ठरलेलेच असते. मुलीने जीवशास्त्राचे नाव काढले, तर आजीबाई विचारतात, “म्हणजे बेडूक कापावा लागणार?” हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही, अहिंसा पाळणाऱ्या घरात तो उठलाच पाहिजे. त्याचे उत्तर मात्र आता बदलले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ साली पदवी व पदव्युत्तर प्राणिशास्त्रातील विच्छेदन बंद करण्याचा निर्णय घेतला. या आयोगाचे अध्यक्षपद एके काळी डॉ. दौलतसिंह कोठारी या जैन भौतिकशास्त्रज्ञाने भूषविले होते. शालेय शिक्षणाची पहिली दहा वर्षे विज्ञान व गणित सर्वांना सक्तीचे असावे, ही शिफारसही त्यांच्याच शिक्षण आयोगाची (१९६४-६६).

अकरावीला गणित व जीवशास्त्र दोन्ही घेतल्यास अभियांत्रिकी आणि वैद्यक या दोन्ही वाटा खुल्या राहतात. विज्ञान शिकून पुढे वाणिज्य पदवीकडे वळता येते, पेढीवरही बसता येते. वाणिज्य घेतल्यावर वैद्यकाकडे परतणे जवळजवळ अशक्यच. औषध-संशोधनात मात्र प्राण्यांचा वापर अजून होतो. तिकडे वळायचे झाल्यास आजीबाईंचा प्रश्न नातीला स्वतःलाच पुन्हा विचारावा लागेल.