मधल्या बाकावरची मुले

निकालाच्या दिवशी गावात दोन प्रकारच्या मुलांची चर्चा होते. पहिल्या आलेल्याला पेढे मिळतात, नापास झालेल्याला सहानुभूती मिळते. पंचेचाळीस ते साठ टक्क्यांच्या मधल्या मुलाला मात्र ‘पास झाला ना, बरे झाले’ एवढेच ऐकावे लागते. पुढे काय, हे त्याला कोणी विचारत नाही. पेडगाव परिसरातील शाळेत शिकवताना या मुलांच्या प्रवेशाचे काम माझ्याकडे आले आणि मार्गदर्शन या शब्दाचा अर्थ मला हळूहळू उमगत गेला.

पेडगाव परभणी-मनमाड लोहमार्गावर आहे, त्यामुळे परभणीची महाविद्यालये दूर नाहीत. अंतर असते ते कागदपत्रांचे आणि वेळेचे. परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ असल्याने कापूस-सोयाबीन पिकवणाऱ्या घरांना कृषी पदवीची ओढ वाटते. परंतु तिच्यासाठी सीईटी द्यावी लागते आणि त्या परीक्षेचा अर्ज बारावीच्या निकालाच्या कितीतरी आधी भरायचा असतो. निकाल पाहून जागे होणाऱ्या घरासाठी ते दार आधीच बंद झालेले असते. जातवैधता प्रमाणपत्राचेही तसेच. ते अकरावी-बारावीत असतानाच मागावे लागते. हुशार मुलाला हे कोणीतरी सांगतेच. मधल्या मुलाला ते कळते तेव्हा मुदत उलटलेली असते.

त्यातच प्रवेशाचे दिवस मृगाचे. बियाण्याची पिशवी आणि प्रवेशशुल्क एकाच वेळी एकाच खिशाकडे पाहत असतात. अशाच एका जून महिन्यात दहावीला बावन्न टक्के मिळालेल्या मुलाला घेऊन त्याचे वडील माझ्याकडे आले. पुण्याच्या एका कारखान्यात त्यांनी मुलासाठी हेल्परचे काम पाहून ठेवले होते.

“सर, याला कुठं बी टाका, नाहीतर पुण्याला धाडतो. रिकामं बसू नये बघा.”

मी मुलाला विचारले, “तुला काय आवडतं?” तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “विहिरीवरची मोटार जळाली की मीच खोलतो, सर.”

त्याच्या गुणपत्रिकेत या वाक्याला रकाना नव्हता. आम्ही आयटीआयच्या वीजतंत्री अभ्यासक्रमाचा अर्ज भरला. त्या दोन वर्षांनंतर पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची वाट असते, हे वडिलांना कागदावर पायऱ्या काढून दाखवले. ते पायऱ्यांकडे पाहत राहिले. “म्हणजे हे पोरगं इथंच थांबत नाही,” एवढेच ते बोलले. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी त्यांनी पेरणीतला एक दिवस मोडला. मुलाला प्रवेश मिळाला.

या कामाने मला एक गोष्ट शिकवली. मधल्या मुलाला उपदेशाची गरज कमी आणि सोबतीची अधिक असते. पसंतीक्रम भरताना त्याच्या शेजारी बसणे, पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती स्वीकारावी लागते हे आधीच समजावणे, शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील नाव आणि आधार कार्डावरील नाव जुळते का ते पाहणे, ही कामे किरकोळ वाटतात. पण एखाद्याचे वर्ष बहुधा अशाच किरकोळ कारणाने वाया जाते.

मित्रहो, आपल्यापैकी अनेकांचे शिक्षण बुद्धी कमी म्हणून थांबले नव्हते. वेळेवर कोणी अर्ज हाती दिला नाही, म्हणून थांबले होते. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या आपल्या मुक्त विद्यापीठाने ती वाट पुन्हा खुली केली. शेत, नोकरी, घर सांभाळून आपण अर्ज भरला, शुल्क भरले, अभ्यासकेंद्र गाठले. हा अनुभव आपल्या गल्लीतील एखाद्या मधल्या बाकावरच्या मुलाला उपयोगी पडेल. निकालाची वाट न पाहता, दिवाळीच्या सुट्टीतच त्याच्याकडे जा. आधी त्याला काय आवडते ते विचारा आणि मग कोणते दाखले काढायचे राहिले आहेत ते पाहा.