कुत्र्याची जात आणि आमचा हिशेब



हा लेख कुत्र्यावर आहे. चळवळीत लिहायला विषय संपले काय, असं कुणी म्हणेल. पण गेल्या वर्षभरात आमच्या घरात एका कुत्र्यापायी १,१४,२०० रुपये खर्च झाले. आम्ही दोघंही समाजकार्यात आहोत. वस्तीत फिरून लोकांना सांगतो की जावळाला कर्ज काढू नका, लग्नात डीजे लावू नका, तो पैसा पोरांच्या शिक्षणाला लावा. आणि आमच्याच घरात हे घडलं. म्हणून हा हिशेब आधी आमचा आम्ही मांडतोय, मग बाकीच्यांना बोलू.

सुरुवात एका वाढदिवसापासून झाली. आमची मुलगी चौथीत आहे. वर्गातल्या मैत्रिणीनं तिला घरी बोलावलं. विट्यात गलाईच्या धंद्यावर उभे राहिलेले बंगले किती आहेत, हे इथल्या माणसाला सांगायला नको. आपल्या खानापूर तालुक्यातली माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर गेली, कष्ट केले, पैसा आणला. त्याबद्दल आमची काही तक्रार नाही. त्या बंगल्यात मुली खेळल्या, तहान लागली तशा एकेक करून स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन आल्या. आमची मुलगी उठली तेव्हा मैत्रिणीच्या आजीनं आडनाव विचारलं आणि म्हणाली, "तू थांब बाळ, मी आणते." कागदी ग्लासातून पाणी आलं. आवाज गोड होता, वर चॉकलेटही दिलं.

मुलीला त्यातलं काही कळलं नाही. घरी येऊन ती एवढंच म्हणाली, "त्यांचं पिल्लू फ्रीजपर्यंत जातं. मला पण तसलंच पिल्लू पाहिजे."

आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले, तेव्हा प्रश्न हाच होता. गुराढोरांनी प्यायलेलं पाणी चालतं, कुत्र्या-मांजरांनी प्यायलेलं चालतं, माणसानं प्यायलेलं चालत नाही. शंभर वर्षं होत आली आणि तोच प्रश्न कागदी ग्लासात घालून आमच्या पोरीच्या हातात दिला गेला. त्या वेळी आम्ही काय करायला हवं होतं? त्या घरी जाऊन शांतपणे बोलायला हवं होतं. निदान मुलीला तिच्या वयाला झेपेल तसं समजावून सांगायला हवं होतं. आम्ही यातलं काहीच केलं नाही. आम्ही कुत्रं विकत घेतलं.

तसलंच घेतलं. माल्टीज आणि टॉय पूडल यांच्या संकरातून झालेलं, माल्टीपू नावाचं. पुण्याच्या एका दलालाशी फोनवर बोलणं झालं. तो म्हणाला, "आई जातिवंत, बाप जातिवंत. एफ-वन आहे, म्हणजे पहिली पिढी. केस गळत नाहीत, वास येत नाही." किंमत ४२,००० रुपये. पावती नाही, नोंदणीचा कागद नाही. २०१७ च्या केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे कुत्र्यांची पैदास करणाऱ्याला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी करावी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. आमचं पिल्लू सहा आठवड्यांचंही नसावं, असं नंतर डॉक्टरांनी दात बघून सांगितलं. रोज लोकांना योजनांचे आणि कायद्यांचे कागद समजावून सांगणारी आम्ही माणसं, पण त्या दिवशी एक कागद मागितला नाही. पिल्लाची आई कुठं आहे, कशा अवस्थेत आहे, हेही विचारलं नाही.

पिल्लाचं नाव मुलीनं कोको ठेवलं. आता हिशेब बघा. पिल्लू ४२,०००. पुण्याला जायची-यायची गाडी ४,५००. आठवड्यात त्याला पार्व्हो झाला. रक्ताची हगवण, पाच दिवस सलाईन, ११,६०० रुपये. लशी ३,६००. जंताची, गोचिडाची औषधं २,४००. खाद्याची पिशवी महिन्याला २,१०० प्रमाणे वर्षाला २५,२००. केस गळत नाहीत हे खरं, पण ते वाढत राहतात आणि त्याच्या जटा होतात. त्यामुळं दर दीड महिन्यानं सांगलीला केस कापायला न्यायचं. आठ वेळचे ९,६०० आणि जाण्यायेण्याचे ४,०००. पुढं ते लंगडायला लागलं. गुडघ्याची वाटी सरकते म्हणाले. माल्टीज आणि पूडल या दोन्ही लहान जातींत हा दोष आढळतो, त्यामुळं संकरानं तो जाईलच असं नाही. एक्स-रे आणि औषधं ३,८००. उन्हाळ्यात ते धापा टाकायला लागलं म्हणून कूलर ७,५००. बेरीज १,१४,२००. पिल्लू, गाडी आणि कूलर एकदाचेच, आजारपण नशिबावर. पण खाद्य, केस, लशी, औषधं धरली तर इथून पुढं वर्षाला ४३,००० च्या वरच जाणार. असं कुत्रं बारा-चौदा वर्षं जगतं. बारा वर्षांचे पाच लाखांच्या वर झाले.

आमच्या शेजारच्या मावशी यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरतात. आठवडाभर उभं राहून शनिवारी त्यांच्या हातात जे पडतं, त्यापेक्षा कोकोच्या खाद्याची पिशवी महाग आहे.

आणि या हिशेबात एक आकडा आलेलाच नाही. पिल्लासाठी आम्ही बचत गटातून ३०,००० रुपये उचलले होते, शेकडा दोननं. 'घरकामासाठी' असं कारण लिहिलं. त्याच महिन्यात गटातल्या एका ताईला मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी पैसे हवे होते. गटात शिल्लक नव्हती. प्रवेशाची तारीख थांबणार नव्हती, म्हणून तिनं खाजगी फायनान्सचं कर्ज घेतलं आणि आजही ती दर आठवड्याला त्याचा हप्ता भरते. ती आम्हाला एका शब्दानं बोललेली नाही. कोकोला बघायला येते, त्याला उचलून घेते, "गोड हाय गं" म्हणते. त्या वेळी आमची मान वर होत नाही.

आता मुद्द्यावर येतो. हे का झालं?

एम.ए.ला समाजशास्त्र शिकताना थॉर्स्टीन व्हेब्लेन अभ्यासाला होता. १८९९ साली आलेल्या 'द थिअरी ऑफ द लेझर क्लास' या ग्रंथात त्यानं दिखाऊ उपभोगाचा सिद्धांत मांडला. त्यात हौसेच्या कुत्र्यांचंच उदाहरण आहे. असं कुत्रं कामाचं नसतं, खर्चाचं असतं, आणि खर्चाचं असतं म्हणूनच ते प्रतिष्ठेचं ठरतं. परीक्षेत यावर आम्ही दहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. घरात आणून बघितल्यावर आता खरं समजलं.

कोकोला घेऊन फिरायला निघालं की लोक थांबतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "जात कुठली?" मराठीत कुत्र्यालाही जातच विचारतात. आणि खरं सांगतो, सुरुवातीला त्या प्रश्नाचं उत्तर देताना आमची छाती फुगायची. आयुष्यभर ज्या प्रश्नानं आम्हाला खाली बघायला लावलं, त्याच प्रश्नाला आता आमच्याकडं ४२,००० रुपयांचं उत्तर होतं. वाढदिवसाच्या घरची आजीसुद्धा एकदा आमच्या दारापर्यंत आली, कोकोला मांडीवर घेऊन बसली. आम्ही चहा विचारला. "आत्ताच घेतला," म्हणाली.

म्हणजे एवढा खर्च करून मान कुणाला मिळाला? कुत्र्याला.

संकरित कुत्र्यांचा हा बाजार उभा कसा राहिला, तेही समजून घ्या. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियात अंधांसाठी कुत्री तयार करणाऱ्या संस्थेतल्या वॉली कॉनरॉन यांनी लॅब्रॅडॉर आणि पूडल यांचा संकर केला. हवाईतल्या एका अंध बाईंच्या नवऱ्याला कुत्र्याच्या केसांची ॲलर्जी होती, म्हणून. हेतू चांगला होता. पण बाकीची पिल्लं संकरित आहेत म्हटल्यावर घ्यायला कुणी तयार होईना. मग त्यांना 'लॅब्रॅडूडल' हे नवं नाव देऊन गाजावाजा केला आणि मागणीची रांग लागली. पिल्लं तीच होती, बदललं ते नाव. पुढं धंदेवाल्यांनी जो बाजार मांडला तो बघून आपण हे केल्याचा पश्चात्ताप होतो, असं कॉनरॉन यांनीच सांगितलं.

म्हणजे कुत्र्याच्या संकराला नाव मिळालं, भाव मिळाला. आपल्याकडं माणसांच्या संकराचं काय झालं? मनुस्मृतीचा दहावा अध्याय काढून बघा. सगळा संकराचा धसका आहे. शूद्र बाप आणि ब्राह्मण आई यांचं मूल चांडाळ. चांडाळ आणि श्वपच यांनी गावाबाहेर राहायचं, फुटक्या भांड्यात खायचं, मेलेल्याची वस्त्रं घालायची, आणि त्यांची संपत्ती म्हणजे कुत्री आणि गाढवं. कुत्रं ही आमची मनूनं ठरवून दिलेली संपत्ती! २५ डिसेंबर १९२७ ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली महाडला तो ग्रंथ जाळला गेला. पण डोक्यातला जळाला का? २०१३ ला सोनई झालं. २०१४ ला खर्ड्यात नितीन आगेला मारलं. वरच्या जातीच्या मुलीशी प्रेमाचा नुसता संशयही जिवावर उठतो.

आमच्या कामात आंतरजातीय विवाह केलेल्या जोडप्यांचे अर्ज भरून देणं हेही एक काम आहे. राज्यात या योजनेखाली जोडप्याला ५०,००० रुपये मिळतात. मागच्या वर्षी एका जोडप्याचा अर्ज आम्ही भरला. मुलगी गाव सोडून आलेली, माहेरच्यांनी जिवंतपणी तिचं तेरावं घातलेलं. त्याच आठवड्यात आम्ही कोकोचे ४२,००० मोजले होते. माणसाची तुलना आम्ही कुत्र्याशी करत नाही. तुलना करतोय ती समाजाच्या नजरेची. दोन जातींची कुत्री एकत्र आली की 'डिझायनर' म्हणून त्यांची किंमत वाढते. दोन जातींची माणसं एकत्र आली की त्यांना लपून राहावं लागतं. 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये बाबासाहेबांनी १९३६ सालीच वंशशुद्धीच्या समर्थनाची चिरफाड केली आहे. जात चांगली संतती निर्माण करते म्हणता, तर मग खुजी आणि दुबळी प्रजा कुठून आली, असा त्यांचा रोकडा सवाल होता. आणि आम्ही त्यांचे अनुयायी, 'आई जातिवंत, बाप जातिवंत' या वाक्यावर फोन-पे करून मोकळे झालो.

वर्षावासात एका रविवारी विहारात आम्ही हा हिशेब वाचून दाखवला. एक तरुण उठून म्हणाला, "म्हणजे बंगलेवाल्यांनी भारी कुत्री पाळायची आणि आपण फक्त गावठी? आपण चांगलं काही घ्यायचंच नाही का?" प्रश्न रास्त आहे. स्वच्छ राहा, चांगले कपडे घाला हे बाबासाहेबांनीच शिकवलं. पण बाबासाहेबांच्या सुटानं व्यवस्थेचा नियम मोडला. आमच्या कोकोनं तो नियम मोडला नाही, उलट त्याच व्यवस्थेची आम्ही फी भरली. मोजपट्टी त्यांचीच, आम्ही फक्त त्यावर आमचा आकडा दाखवायला गेलो.

कुत्रं पाळायला विरोध कसा असेल? राजगृहातला फेब्रुवारी १९३४ चा फोटो आपल्या कितीतरी घरांत आहे. यशवंतराव, बाबासाहेब, रमाई, लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद, आणि त्यांच्यासोबत बाबासाहेबांचा लाडका टोबी. तो फोटो बघताना टोबीची जात कुठली, हे कधी कुणाच्या मनात येत नाही. तो घरातला आहे, एवढं दिसतं. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये मैत्रीचा अर्थ फक्त माणसांपुरता नाही, सगळ्या जीवांपर्यंत जातो. त्या मैत्रीत किंमतीची चिठ्ठी बसत नाही.

कोको आमच्याकडंच राहणार. आमच्या चुकीची शिक्षा त्या मुक्या जिवाला देणार नाही. पार्व्होतून उठला तेव्हा मुलगी रात्रभर त्याच्याजवळ बसली होती, ते प्रेम खरं आहे. गटाचं कर्ज फेडलं आहे. आता गटात आम्हीच ठराव मांडला की शिक्षणाच्या आणि दवाखान्याच्या मागणीला पहिला नंबर, बाकी सगळं नंतर. मागाच्या शेडमागं जन्मलेली एक गावठी कुत्री आता दारात असते. तिला रेबीजची लस टोचून घेतली. भाकरी घरातलीच. तिचा वर्षाचा खर्च कोकोच्या एका महिन्याइतकाही नाही, आणि रात्री भुंकते तीच.

मुलीला कागदी ग्लासाची गोष्ट शेवटी सांगितली. चवदार तळ्याची आधी सांगितली, मग ही. ती बराच वेळ गप्प होती. नंतर म्हणाली, "मग त्या आजीला सांगायचं ना." पुढच्या रविवारी आम्ही तिघं त्या घरी जाणार आहोत. कोकोला न घेता. जाऊन पाणी मागणार आहोत.

रस्त्यात आता कुणी विचारलं, "जात कुठली?" तर मुलगीच उत्तर देते, "कुत्रा."

जय भीम.