शंभर नंबरी

उमरेडला हल्ली लोक जातात ते कऱ्हांडल्याचा वाघ पाहायला. मी गेलो धागा पाहायला. आणि खरे सांगायचे तर वाघ दिसणे त्याहून सोपे असावे!

नागपूरच्या आग्नेयेचे हे कोष्ट्यांचे जुने गाव रेशीमकाठी धोतरांसाठी नावाजलेले होते. 1867 साली नागपुरात आगगाडी आली, गिरणीचे सूत स्वस्त झाले. घरची सूतकताई बुडाली. विणकर मात्र तेच गिरणीचे सूत मागावर चढवून तगला.

सोन्याप्रमाणे सुतालाही नंबर असतो. 840 वारांची एक लड. अशा जितक्या लडी एका रत्तलात बसतील तो सुताचा नंबर. शंभर नंबरी सूत म्हणजे रत्तलभरात 84,000 वार, सत्तेचाळीस मैलांहून जास्त! नागपूरहून उलगडत निघालात तर उमरेड गाठूनही पुष्कळ उरेल. रेशमाच्या कोशातून शेकडो वार अखंड तंतू निघतो. कापसाचा तंतू जेमतेम इंच-सव्वा इंचाचा. तेव्हा हे सगळे मैल केवळ पिळावर उभे असतात.

एका घरी माग चालू होता. विणणारे म्हातारबाबा सत्तरी ओलांडलेले. मधेच थांबून त्यांनी ताण्यात बोट फिरवले. एक धागा तुटला होता म्हणे. मी चष्मा पुसून पाहिले, मला काही दिसेना.

"डोयाले नाई दिसत, भाऊ, बोटाले दिसते," ते म्हणाले, आणि चिमटीत पीळ देऊन त्यांनी धागा सांधलासुद्धा. 'तंतोतंत' हा शब्द आपण शहरात किती सैल वापरतो!

मुलगा कोळशाच्या खाणीत. पगार चांगला, घर त्यावरच चालते. त्याला नावे कोणी ठेवावीत? पण राठ बोटांना हे सूत लागत नाही.

ताणा संपत आला की नवा ताणा जुन्याच्या टोकांना जोडतात. हजारो टोके, एकेक करून. एकाने टोक द्यायचे, दुसऱ्याने पीळ. टोके द्यायला बाबांची बायको बसे. ती दोन वर्षांमागे गेली.

मागावर दोनेक धोतरांचा ताणा उरला होता.

"पुढचा कधी चढवणार, बाबा?"

धोटा सरकवीत ते म्हणाले, "सांधाले दोघं लागते, भाऊ."