पिल्लांच्या डोक्यावरची ऊब

नातेपुत्यात कुणी घराच्या छताकडे ऊब मागत नाही. चैत्र-वैशाखात स्लॅब ती न मागताच देतो. दिवसभर तापलेलं काँक्रीट दिवेलागणीपासून उष्णता खाली सोडायला लागतं, पंखा तीच गरम हवा ढवळत राहतो आणि माणसं गच्चीवर पाणी मारून अंथरुणं वर नेतात. जुनी माळवदं या बाबतीत बरी होती. हातभर पांढऱ्या मातीतून दुपारचं ऊन आत झिरपेपर्यंत बाहेर रात्र सरत आलेली असे. (माळवद गळायचं, त्यावर गवत उगवायचं आणि आढ्यातून विंचू पडायचे, हे माळवदाची आठवण काढणारे सहसा सांगत नाहीत.)

पण याच शिवारात एक जागा अशी आहे, जिथे वरून येणाऱ्या उबेसाठी माणूस मार्गशीर्ष-पौषात वीजबिल भरतो. ती म्हणजे पोल्ट्रीचं शेड. शिखर शिंगणापूरच्या डोंगराकडची थंडी रात्री माळावर उतरली की दोन्ही बाजूंचे पडदे खाली येतात. आत भाताच्या तुसावर पत्र्याचं गोल कडं उभं केलेलं असतं आणि त्यात एक दिवसाची पिल्लं सोडलेली असतात. त्यांच्या डोक्यावर तारेला टांगलेले पिवळे बल्ब. एवढंच त्यांचं छत, आणि तेच त्यांची आई.

कोंबडीच्या पिल्लाला पहिले दहा-बारा दिवस स्वतःच्या अंगाची ऊब नीट सांभाळता येत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात त्याला सुमारे ३५ अंश लागतात. पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी करत न्यायचे. शेडवाल्यांचा हिशेब आणखी सोपा: थंडीत एका पिल्लामागे दोन वॅट, उन्हाळ्यात एक. बल्ब मात्र जुना, तारेचा हवा. एलईडी लावला तर उजेड भरपूर पडतो आणि पिल्लं त्या लख्ख उजेडात गारठतात. वीज वाचवणारा दिवा इथे नापास होतो, कारण आपल्याला हवी असते ती नेमकी जुन्या दिव्याची उधळपट्टी.

हे बल्ब रात्रभर चालू ठेवले तर पहाटे तीनला कमी पडतात आणि सकाळी आठला जास्त होतात. कुणीतरी उठून बटण दाबायचं, नाहीतर थर्मोस्टॅट बसवायचा. उष्णता आपोआप सांभाळणारं यंत्र माणसाने आधी स्वतःच्या खोलीसाठी केलं असेल, असं आपल्याला वाटतं. पण सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये राहणाऱ्या कॉर्नेलियस ड्रेबेल या डच माणसाने स्वतःला सांभाळणारी जी भट्टी केली, तिच्यावर अंडी उबवायची होती. दोन धातूंच्या जोडपट्टीवर चालणाऱ्या थर्मोस्टॅटचं पेटंट अँड्र्यू युर याने घेतलं ते १८३० साली. म्हणजे पोल्ट्रीवाला दुकानात जाऊन थर्मोस्टॅट मागतो तेव्हा तो या यंत्राचा मूळ गिऱ्हाईक असतो.

माझ्या चुलत्यांच्या, आबांच्या शेडातला जुना थर्मोस्टॅट गेला तो ऐन थंडीत. पट्टीचाच होता. गोल चकती फिरवायची आणि टक् असा आवाज आला की समजायचं. उघडून पाहिलं तर दोन्ही संपर्क काळे पडून एकमेकांना चिकटलेले. त्यामुळे बल्ब विझायलाच तयार नव्हते. बदली काय घ्यायचं यावर शेडात दोन मतं होती. एकाला तसाच पुन्हा हवा होता, दुसऱ्याला मोबाइलवर दिसणारा. दुकानदाराने पुढे केला तो बाजारात सगळीकडे मिळणारा एसटीसी-१००० नावाचा चौकोनी डबा: लाल आकडे, मागे स्क्रू आणि शेपटीसारखी सेन्सरची वायर.

हा डबा वाईट नाही. पण त्याच्या पाठीवर लिहिलेले १० अँपिअर वाचून निर्धास्त व्हायचं नसतं. हजार पिल्लांना दोन हजार वॅट. २३० व्होल्टला ते पावणेनऊ अँपिअर होतात. कागदावर बसतं. प्रत्यक्षात तारेचा बल्ब गार असताना त्याचा रोध फारच कमी असतो, त्यामुळे पेटण्याच्या त्या क्षणी तो दहापट किंवा त्याहूनही जास्त प्रवाह ओढतो. वीस बल्ब एकदम पेटतात तेव्हा डब्यातल्या इवल्याशा रिलेवर काय ओढवत असेल, ते जुन्या थर्मोस्टॅटचे काळे संपर्कच सांगत होते. म्हणून डब्याने फक्त हुकूम द्यावा आणि ओझं बाहेरच्या कॉन्टॅक्टरने उचलावं. मोटारीच्या स्टार्टरमध्ये असतो तोच कॉन्टॅक्टर. विहिरीवर पंप असलेल्या माणसाला तो नव्याने समजावून सांगावा लागत नाही.

दुसरी गोष्ट बल्ब विझण्याच्या आणि पुन्हा पेटण्याच्या तापमानांतल्या फरकाची. या डब्यात एफ-२ नावाची सेटिंग असते. ती अर्ध्या अंशावर ठेवली की बल्ब सतत उघडझाप करतात. एक अंशावर ठेवा. पिल्लांना कळत नाही आणि संपर्क टिकतात.

आणि तिसरी, जिच्यासाठी मी हे सगळं लिहितोय. बल्बची बरीचशी ऊब हवेतून फिरून येत नाही. किरणांनी सरळ पाठीवर पडते, हिवाळ्यातल्या कोवळ्या उन्हासारखी. सेन्सर मात्र त्याच्या अंगाला जे लागेल तेवढंच मोजतो. तो बल्बच्या थेट खाली टांगला तर स्वतःच तापतो आणि कडेची पिल्लं गारठलेली असतानाच दिवे बंद करतो. भिंतीला लावला तर त्याला बल्ब लागतच नाही, मग दिवे रात्रभर जळतात. आबांचा भिंतीला होता.

“हाताला येतो म्हनून तिथं लावलाय,” ते म्हणाले.

“आबा, हाताला येण्यापेक्षा पिल्लांच्या पाठीला आला तर?”

“मग काटा कशाला बघतोस? पिल्लांकडं बघ की.”

बघितलं. बल्बखाली दाटी करून, एकमेकांच्या अंगावर चढून चिवचिवत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे. कड्याला जाऊन, पंख सैल सोडून चोच उघडी टाकली असेल तर उकडतं आहे. एकाच बाजूला सरकली असतील तर दुसऱ्या बाजूच्या पडद्याला फट आहे. सगळ्या तुसावर विखरून काही खातायत, काही झोपलीत, तर बरोबर आहे. कुठल्याही डब्यापेक्षा हा आकडा खरा, कारण तो किरणं, हवा, वारा आणि तुसाची ओल सगळं धरून आलेला असतो. फक्त पिल्लांना बटण दाबता येत नाही, तेवढ्यासाठी डबा. म्हणून सेन्सर पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर, बल्बच्या झोतापासून थोडा बाहेर, कड्याच्या आत बांधला. नंतर आकडा खालीवर करत पिल्लं विखरेपर्यंत थांबलो. डब्यावर तेव्हा ३३ दिसत होते. पुस्तकात ३५ असले तरी आम्ही ३३ वरच ठेवलं.

थंड देशांत हाच पेच माणसांच्या घरात असतो. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत अमेरिकेत आणि कॅनडात कित्येक घरांच्या छताच्या गिलाव्यात तापणाऱ्या तारा पुरल्या गेल्या. असं जुनं घर घेणाऱ्या मराठी कुटुंबालाही कधीतरी तो भिंतीवरचा थर्मोस्टॅट बदलावा लागतो आणि कळतं, की दुकानातले बहुतेक स्मार्ट थर्मोस्टॅट २४ व्होल्टचे असतात, आणि इथे तर भिंतीतून सरळ २४० व्होल्ट येतात. तिथेही आधी भार मोजायचा, दोन्ही तारा तोडणारा घ्यायचा आणि छत डोक्यावर तापत असताना भिंतीवरचा काटा किती खरा, हे आपल्या टाळूला विचारायचं.

आपल्याकडे दिवाळीनंतरची बॅच थंडीत सापडते. डबा तिच्या आधी आणा आणि पिल्लं यायच्या आदल्या रात्री रिकाम्या कड्यावर चालवून बघा. कॉन्टॅक्टरला कंजूषपणा करू नका. सेन्सरची वायर उंदरांपासून वर बांधा. आणि कोळशाची शेगडी भंगारात देऊ नका. लाइट गेली की कुठलाच थर्मोस्टॅट कामाचा नाही.