एका चाकावरचं सामान

कोकणच्या सागरी रस्त्यावर चढ अवघड, ऊन त्याहून अवघड. पण एकचाकी सायकलवरून जाणाऱ्याला खरा छळतो तो सामानाचा प्रश्न.

मुरुड, श्रीवर्धन, हरिहरेश्वर मागे पडलं. बागमांडल्याहून फेरीबोटीने सावित्री ओलांडून वेश्वीला उतरले, मग बाणकोट, केळशी, आंजर्ले, दाभोळ. एव्हाना पाठीवरच्या पिशवीने मला अगदी वैताग आणला होता. एकचाकीला हँडल नाही, कॅरियर नाही. हात टेकता येत नाहीत, त्यामुळे अंगाचा बहुतेक भार सीटवर. पाठीवर पाच किलो घेतले की तेही तिथेच येतात आणि वजन उंचावर जातं. पेडल थेट चाकाला जोडलेलं असतं, म्हणून पुढचा-मागचा तोल पायांनीच सावरायचा. उतारावरसुद्धा पायांना सुट्टी नाही.

वाशिष्ठी ओलांडून धोपाव्याला उतरले आणि गुहागरच्या वाटेवर पिशवीचा पट्टा तुटला. गावात रिक्षांची सीटकव्हरं शिवणाऱ्या एका काकांकडे गेले. त्यांनी पट्ट्याला हातही लावला नाही.

“आधी चालवून दाखवा, ताई.”

मी दुकानासमोर दोन चकरा मारल्या. एकदा त्यांनी समोरून पाहिलं, एकदा मागून. “तुमच्याआधी पिशवीच वळते,” ते म्हणाले. “ओझं गाडीवर हवं. अंगावर कशाला?”

मांडी कुठून जाते, टायर कुठवर येतो, हे त्यांनी खडूने आखून घेतलं. मग जाड रेक्झीनच्या दोन पिशव्या बेतल्या. एक सीटच्या पुढच्या मुठीला, दुसरी मागच्या. रुंदीला सीटपेक्षा कमी, तळ चाकाच्या गोलाईप्रमाणे तिरका, आणि हेलकावे बसू नयेत म्हणून खालून चिमट्याला आवळलेला पट्टा. सामान भरल्यावर त्यांनी एकेक पिशवी एकेका हातात तोलली, माझी हत्यारं मागून पुढे टाकली, कपडे मागे. मग पुन्हा तोलली. पाण्याच्या बाटल्याही पुढे एक, मागे एक. “आलटून पालटून प्या,” त्यांनी बजावलं. पाणी संपत जातं तसा तोल बदलतो, हे एकचाकीवर कधीही न बसलेल्या माणसाने ओळखलं होतं.

इंग्लंडच्या सॉमरसेटमधला एड प्रॅट २०१५ ते २०१८ या काळात ३६ इंची एकचाकीवरून जग फिरला, तोही सामान सांगाड्यावर लादूनच. त्याचे फोटो मी अनेकदा पाहिले होते. ती रचना तशी का असते, हे गुहागरात कळलं.

तवसाळ, जयगड, गणपतीपुळे मोकळ्या पाठीने झाले.

एकचाकीवर लांब जायचं असेल तर पाठ रिकामी ठेवा, ओझं सांगाड्याला घट्ट बांधा, पुढे-मागे सारखं वाटा. आणि परदेशी पिशव्या मागवण्याआधी आपल्या गावातल्या सीटकव्हरवाल्याला एकदा गाडी चालवून दाखवा.